घरून काम : हक्क किती, संमती किती?

प्रश्न : मी अमळनेरहून जळगावच्या एका डाळ मिलमध्ये रोज रेल्वेने अपडाऊन करते आणि तेथील हिशेबाचे काम पाहते. माझी प्रसूती रजा पुढील महिन्यात संपते. काही महिने घरून काम करू द्यावे, अशी विनंती मी शेठजींना फोनवर केली, तेव्हा ‘आपल्याकडे तशी पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले. मिलमध्ये साठेक कर्मचारी आहेत. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या नणंदेच्या मते हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मला आहे का?
– एक भगिनी, अमळनेर

उत्तर : नणंदबाईंचे म्हणणे तिथल्यापुरते खरे आहे. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्याच दिवशी असा अर्ज करता येतो आणि कायद्यात दिलेल्या आठ कारणांखेरीज तो नाकारता येत नाही. आपल्याकडे सर्व कर्मचाऱ्यांसाठी तसा कायदा नाही. मात्र 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन रजा 26 आठवड्यांची झाली, तेव्हाच कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर, मालक आणि कर्मचारी यांनी परस्परसंमतीने ठरवलेल्या अटींवर, घरून काम करण्याची तरतूदही आली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती कायम आहे. म्हणजे मालकावर सक्ती नाही. पण ‘पद्धत नाही’ हे उत्तर कायद्याला धरून नाही, कारण कायदा पद्धतीविषयी नव्हे, तर कामाच्या स्वरूपाविषयी विचारतो.

म्हणून फोनवर न थांबता लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. खतावणी, ई-वे बिल, जीएसटी विवरणपत्र ही कामे घरून कशी होतील, साठ्याच्या मेळासाठी आपण कोणत्या दिवशी मिलमध्ये याल, कागदी बिले आपल्यापर्यंत कशी पोहोचतील आणि ही व्यवस्था किती महिन्यांसाठी हवी, हे त्यात स्पष्ट लिहावे. मालकाची खरी अडचण बहुधा बिलांच्या फायलींचीच असते, त्यामुळे तिचे उत्तर आधीच दिलेले बरे. काम तेवढेच राहणार असेल, तर पगारकपातीला घाईने होकार देऊ नये.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा हा मात्र हक्क आहे, विनंती नव्हे. अर्थात तान्ह्या बाळाला घेऊन रोज गाडीच्या गर्दीत चढायचे असेल, तर आपल्याला त्याचा उपयोग थोडाच. तरीही अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा, कारण पाळणाघर उभारण्यापेक्षा घरून काम देणे मालकाला सोपे वाटू शकते. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा मिळणारी सुट्टीही आपल्या हक्काचीच आहे.

प्रश्न : मी धुळ्यात एका शासकीय कार्यालयात लिपिक असून एका पायाने दिव्यांग आहे. कामाच्या वेळेत बदल मागता येईल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : होय, आणि आपली बाजू अधिक भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय देणे शासकीय आस्थापनेवर बंधनकारक आहे. ती कोणत्या स्वरूपाची असावी, हे आपली गरज पाहून ठरते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडून लेखी मागणी करावी. ती डावलली गेल्यास कार्यालयाने नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी. तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी झाली पाहिजे, असे कायदा सांगतो.