मान वाकली म्हणजे ड्रेसाज झाला का?

इंदूरजवळ नुकतंच घोड्याची शरीररचना आणि ड्रेसाज (घोड्याला तोल सांभाळून, तालात ठरलेल्या चाली करायला शिकवायची घोडेस्वारी, तिच्या स्पर्धाही होतात) यावर एक शिबिर झालं, मीही गेले होते, आणि त्यानंतर या सदराकडे आलेली पत्रं बघितली तर निम्मी त्याचीच. थोडी निवडून घेतेय, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका.

प्रश्न: ताई, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, रायडिंग शिकते. आम्ही दोघं शिबिराला आलो होतो. तिथे घोडीच्या अंगावर पांढऱ्या रंगाने हाडं काढून दाखवली ते बघून मी तर थक्कच झालो. पण तिथले सर म्हणाले की लगाम ओढून मान वाकवू नका, आणि हिच्या क्लासमध्ये तर रोज तेच चालतं, "नाक आत घे, नाक आत घे!" आता ऐकायचं कुणाचं? (एक बाबा, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: दादा, शिबिरातल्या सरांचं. आणि का ते नीट समजून घ्या, म्हणजे क्लासमध्ये बोलायची वेळ आली तर हातात मुद्दा असेल.

त्या रंगवलेल्या घोडीचा पुढचा पाय आठवा. हाडं वर खांद्याच्या पात्यापर्यंत जातात आणि तिथेच संपतात. घोड्याला कॉलरबोन नसतंच, म्हणजे पुढचे पाय धडाला कुठेच हाडाने जोडलेले नाहीत, अख्खी छाती दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंवर लटकलेली असते, बाळाची झोळी बांधतात ना तशी. त्यात नुसत्या उभ्या घोड्याचंसुद्धा साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि आपण वर बसतो तेही पुढच्याच बाजूला, बरगड्या संपतात त्याच्या अलीकडे. मग छाती आणखी खाली बसते, पाठ दबते आणि घोडा सगळा भार पुढे टाकून चालायला लागतो. ड्रेसाजचं ट्रेनिंग, अगदी पहिल्या गोल राउंडपासून, याच्यावरच असतं की त्याने ते स्नायू वापरून छाती वर उचलावी, पोट आवळावं, मागचे पाय पोटाखाली आणावेत. हे हळूहळू जमायला लागलं की मान आपोआप गोल होते. मान सगळ्यात शेवटी येते हो, आणि तुमच्याकडे सुरुवातच तिथून करतायत.

लगाम ओढून नाक छातीला लावलं की फोटो भारी येतो, पण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, फक्त नाकाने, आणि मान अशी दुमडली की घशातली वाट आवळते. समोरचं दिसणंही कमी होतं. घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना, एफईआय, तिचा नियमच आहे की कानांच्या मागचा भाग सगळ्यात उंच असावा आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे राहावं, आणि जबरदस्तीने मान दुमडणं चालणार नाही हे त्यांनी २०१० मध्ये स्पष्ट केलंय. तरी मोठमोठ्या स्पर्धांमध्ये नाक आत गेलेले घोडे दिसतात आणि त्यांना मार्कही मिळतात, ते बघून चिडचिड होते ती वेगळीच.

आता तुम्ही काय करायचं. मैदानावर पाणी मारलेलं असेल अशा सकाळी जा, मुलगी घोडा वॉकवर, म्हणजे साध्या चालीत, नेत असताना मातीतले ठसे बघा. घोडा मोकळा, पाठ वापरून चालत असेल तर मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो. नाक आत ओढलं की तोच खूर बऱ्याचदा मागे पडायला लागतो, एकाच फेरीत फरक दिसेल. हे मुलीला दाखवा, क्लासच्या सरांनाही दाखवा, भांडायची गरजच नाही, माती बोलेल. आणि शिबिरात गाजराचा व्यायाम दाखवला होता तो घरचा अभ्यास म्हणून घ्या: घोडा उभा, गाजर दाखवत त्याचं तोंड आधी छातीकडे, मग बरगडीकडे, मग मागच्या मांडीकडे न्यायचं, काही सेकंद थांबायचं, मग गाजर द्यायचं. असे व्यायाम तीन महिने केलेल्या घोड्यांच्या मणक्यालगतचे छोटे स्नायू जाड झालेले अल्ट्रासाउंडवर मोजलेत, घोड्यांच्या हालचालींच्या अभ्यासक हिलरी क्लेटन वगैरे मंडळींनी. पाठ सांभाळतात ते हेच स्नायू. फक्त बोटं सांभाळा.

प्रश्न: आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. मला कळत नाही, हे परदेशी खूळ कशाला? आपल्याकडे माळव्यात वरातीची घोडी ढोलावर जागच्या जागी नाचते, गुडघे पार वर उचलते, तुमच्या ड्रेसाजमधल्या त्या पियाफमध्ये आणि यात फरक तो काय? (एक आजोबा, रामबाग)

उत्तर: आजोबा, रागावू नका पण फरक बराच आहे, आणि बघायचा कुठे तर कमरेच्या मागे. पियाफमध्ये घोडा जवळजवळ जागेवरच दुडक्या चालीचे पाय टाकतो, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उलट. मागचे सांधे वाकतात, पुठ्ठा (मागच्या पायांवरचा ढुंगणाचा भाग) खाली बसतो आणि पुढचा भाग हलका होतो. पुढचा पाय उचलायचा तोही बेतानेच, खुराचं टोक दुसऱ्या पुढच्या पायाच्या नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, मध्याइतकं. वरातीच्या घोडीचे पुढचे पाय उंच जातात, पण तिची मान वर ताणलेली, पाठ खोल गेलेली आणि मागचे पाय मागेच राहिलेले असतात. पुढून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. त्यात कित्येकदा तोंडात काटेवाला लगाम असतो, ती नाचते ते त्या काट्यांना टाळायला. असा लगाम आपल्या देशात १९६५ च्या नियमांनी बंद आहे, तरी लग्नसराईत सर्रास दिसतो. पुढच्या वरातीत घोडीच्या ओठांच्या कोपऱ्यात नजर टाका, जखम असेल तर नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन सांगा, तुमच्या वयाच्या माणसाचं ऐकतील.

आणि परदेशी म्हणाल तर मूळ लढाईचंच आहे, ग्रीक घोडदळातला झेनोफन सुमारे २३०० वर्षांपूर्वी घोड्याला कसं शिकवावं यावर लिहून गेलाय. आपल्या मराठा स्वारांची भीमथडी तट्टं लांब पल्ल्याची, दिवसभर दौडणारी, त्यांचं काम वेगळं होतं. त्यांना जागेवर नाचवायची कुणाला गरज पडली असेल?

प्रश्न: सुदीप्ती हाजेला आमच्या इंदूरची म्हणून एशियन गेम्सचे व्हिडिओ बघितले पण काही कळलंच नाही, घोडा नुसता इकडून तिकडे जातो आणि मार्क मिळतात. बघायचं काय? (कॉलेजची विद्यार्थिनी, राजेंद्र नगर)

उत्तर: अगं, सगळ्यांचं असंच होतं. मैदान २० बाय ६० मीटरचं, कडेला अक्षरं लावलेली, ठरलेल्या अक्षराशी ठरलेली गोष्ट करायची आणि प्रत्येक गोष्टीला जज शून्य ते दहा मार्क देतात, शेवटी त्याचे टक्के होतात. हांगझूला सप्टेंबर २०२३ मध्ये सुदीप्ती, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला अशी चौघांची टीम होती, त्यातले सगळ्यात चांगले तीन स्कोअर मिळून २०९.२०५ झाले आणि गोल्ड आलं, घोडेस्वारीत १९८२ नंतर पहिलं. अनुष तर पुढे २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकलाही गेला.

बघताना आधी आवाज लाव आणि ताल मोज. वॉकमध्ये चार ठोके, ट्रॉटमध्ये (दुडकीत) दोन, कॅंटरमध्ये (हलक्या दौडीत) तीन. ताल बिघडला की मार्क गेले. मग व्हिडिओ स्लो कर, कारण डोळ्याला हे सगळं पकडता येत नाही. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय कधी जमिनीवरून सुटतात हे १८७८ मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं, तोवर चित्रकार पाय पुढेमागे फाकवून हवेत काढायचे, प्रत्यक्षात सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. आणि घोडा कोपऱ्यात वळताना मागचे पाय पुढच्यांच्या मागोमाग येतात की बाहेर घसरतात तेवढं बघ, सुरुवातीला पुरे.

प्रश्न: माझं वजन ९२ किलो, शिकू शकतो का? (सुदामा नगर)

उत्तर: शिका की, फक्त घोडा बघून. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत, असा अंदाज बरेच ट्रेनर धरतात. म्हणजे ३५० किलोच्या घोड्यावर सगळं मिळून ७० किलो, तो तुमच्यासाठी नाही. क्लबमध्ये जाल तेव्हा खोगिराचं वजन विचारा, घोड्याचं विचारा, आणि त्यांनी "काही होत नाही भैया, बसा" म्हटलं तर दुसरा क्लब बघा.