साक्ष देता येत नाही, म्हणजे विश्वास कमी?

"मॅडम, चर्चमध्ये माझं तोंडच उघडत नाही. माझा विश्वास कमी आहे का?" माझ्याकडे समुपदेशनाला सदर भागातून येणाऱ्या ख्रिस्ती मुली-बायकांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की तो पुरा होण्याआधीच उत्तर ओठांवर येतं. ते गिळावं लागतं.

त्यांतलीच ही एक, शाळेत गणित शिकवते. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) माहेरचं चर्च शांत. ठरलेली उपासना, पुस्तकातली गीतं. सासरची मंडळी जिथे जातात तिथे सगळे एकदमच मोठ्याने प्रार्थना करतात, दर रविवारी कुणीतरी उठून साक्ष देतं, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतं. चार वर्षांत ही एकदाही उठली नव्हती. शेवटी सासूबाईंनी विचारलंच, "काही पाप तर लपवून नाही न राहिली?"

येताना तिने मोबाइलवरच्या स्वभाव-चाचणीचा निकाल आणला होता. चार अक्षरं. "मी अंतर्मुख निघाली, मॅडम. म्हणजे आता साक्ष द्यायची गरज नाही न?"

पाप नाही तर प्रकार. दोन्हीकडून शिक्काच.

ही चाचणी माणसांना चार-चार अक्षरांच्या १६ प्रकारांत बसवते. मला त्या १६ खोक्यांचं फार कौतुक नाही. अंतर्मुख-बहिर्मुख ही कल्पना मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ च्या ग्रंथात मांडली (ते पाळकाचे चिरंजीव, हे मी ख्रिस्ती घरांत मुद्दाम सांगते). तिच्यावरून चाचणी बेतली ती अमेरिकेतल्या ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी. मी युंगवाली, तरी सांगते: बहुतेक माणसं या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात. महिन्याने चाचणी परत दिली तर एखादं अक्षर बदलूही शकतं.

तिसऱ्या भेटीत, कूलरच्या घरघरीत, मी सहज विचारलं, "प्रार्थना होते कधी?"

"भांडी घासताना. रोज. पण कुणी आलं की थांबते."

"का?"

बराच वेळ गेला. "देवाशी बोलता येतं. लोकांनी ऐकलं की वाटतं, आता मी त्यांच्याशीच बोलून राहिली."

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगतो. तिने ते न ठरवता पाळलं होतं. एलीया संदेष्ट्याला देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत भेटला नाही, नंतरच्या मंद वाणीत भेटला, हेही तिला ठाऊक होतं. स्वतःला लावून पाहिलं नव्हतं, एवढंच.

म्हणून मी अशांना सांगते: स्वभावावरून विश्वास मोजू नका. आणि स्वभावाच्या आड लपूही नका. मंडळी (चर्च) म्हणजे चार माणसं आलीच. उठून बोलता येत नसेल तर लिहून न्या. पाळकांकडून शास्त्रवाचन मागून घ्या. घरच्यांनीही प्रार्थनेत हात किती उंच गेले ते बघू नये.

तिने कागदावर सहा ओळी लिहिल्या, चर्चमध्ये उठून वाचल्या आणि खाली बसली. घरी जाताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी माइक जवळ धर न. मागं काहीच ऐकू नाही आलं."