शाळेतल्या मुलांसाठी बंद हॉलमध्ये मॉडेल ग्लायडरची स्पर्धा घ्यायची आहे. सगळ्यांना सारखी संधी मिळेल असे नियम आणि वेळापत्रक कसे ठरवावे?

नियम जमतात हो, माणूस फसतो तो वेळापत्रकात. माझं तिथंच फसलं होतं, म्हणून आधी तेच सांगतो.

आम्ही सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका हळदीच्या गोदामात स्पर्धा घेतो. नवी हळद यायच्या आधी, जानेवारीत, गोदाम मोकळं मिळतं. पहिल्या वर्षी मी सोपी पद्धत ठेवली होती : नंबर पुकारला की पोरानं यायचं, सहाही फेका एका दमात उरकायच्या आणि जाऊन बसायचं. साडेदहाच्या सुमाराला छपरातल्या फायबरच्या पत्र्यातून जमिनीवर ऊन पडलं. त्या कवडशात हळदीची धूळ हळूहळू वर चढताना दिसत होती. सातवीतल्या एका मुलीनं ते हेरलं आणि प्रत्येक वेळी ग्लायडर बरोबर त्या कवडशावर सोडला. बाकीच्यांची अकरा-बारा सेकंदं होत होती, तिची पंधरा झाली. तिचं काहीच चुकलं नाही, हवा ओळखणं हे या खेळातलं निम्मं कसब आहे. पण साडेआठला फेकून बसलेल्या पोराच्या वेळी तो कवडसाच नव्हता. त्याच्या वडिलांनी मला गाठलं. "सर, आमच्या पोराचा नंबर आधी लागला, हा त्याचा गुन्हा काय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

चार भिंतींच्या आत वारा नसतो हा आपला समज. जमीन तापते, पत्रा तापतो, कोणी चहा आणायला शटर वीतभर उचलतं, आणि हवा हलते. त्यामुळं आता फेऱ्या. एका फेरीत प्रत्येकाची एकच फेक, सगळ्यांची झाली की दुसरी फेरी. पहिल्या फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकून, दुसरीत तोच क्रम उलटा, मग पुन्हा सुलटा. हवेत एका वेळी एकच ग्लायडर. चोवीस मुलं असतील तर एका फेरीला पंचवीस मिनिटं धरा. साडेसातला नोंदणी आणि तपासणी, सव्वाआठला पहिली फेक, तिसऱ्या फेरीनंतर वीस मिनिटं डागडुजी आणि भडंग. सहा फेऱ्या अकराच्या आसपास संपतात. पंखे बंद, शटर खाली, आणि फेरी चालू असताना कोणाचीही आत-बाहेर नाही, पाहुण्यांचीसुद्धा नाही. पाहुण्यांना हे सांगणं सगळ्यात अवघड.

सहाही वेळांची बेरीज करू नका. एक फेक भिंतीवर गेली की पोराची स्पर्धाच संपते. हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफएआयच्या, हातफेक ग्लायडरच्या एफ-वन-एन प्रकारात नऊ उड्डाणांतली उत्तम तीन धरतात. आम्ही सहातली उत्तम दोन धरतो.

छताची उंची आधी मोजून जाहीर करा. ग्लायडरला इंजिन नसतं, जेवढा वर गेला तेवढ्याच उंचीवर त्याला जगायचं असतं. एफएआय तर इनडोअर विक्रमसुद्धा छतानुसार वेगळे ठेवते : 8 मीटरच्या आत, 8 ते 15, 15 ते 30 आणि त्याहून उंच. म्हणून दुसऱ्या शाळेच्या हॉलमधल्या सेकंदांशी तुलना करून पोरांना बोलू नका.

हातानं फेकायचं असेल तर वयोगट पाडावेच लागतात, नववीतल्या दंडापुढं पाचवीतलं पोर काय करणार? आम्ही त्यातून सुटका करून घेतली आणि गलोलीवर आलो. दांडी 15 सेंटीमीटर, रबराचा फेरा 23 सेंटीमीटर, रबर एकाच रिळातलं आणि आम्हीच दिलेलं. विंगस्पॅन, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, 45 सेंटीमीटरपर्यंत, बाल्साचं हलकं लाकूड चालेल, थर्माकोल चालेल, नाकाला क्लेची गोळी हवीच, टोकदार काडी नको. याहून जास्त नियम केले तर तपासणीतच सकाळ जाते.

भांडणं होतात ती वेळ मोजण्यावरून. दोन स्टॉपवॉच, दोघांची सरासरी, आणि स्वतःचं मूल खेळत असलेल्या पालकाच्या हातात घड्याळ नाही. भिंतीला किंवा पत्र्याला घासून ग्लायडर पुढं उडत राहिला तर वेळ चालूच. जमिनीला टेकला किंवा कुठं अडकून थांबला की वेळ बंद, आणि ती फेक धरायची. गोदामाच्या कैचीत, म्हणजे छपराखालच्या सांगाड्यात, अडकणं हे दर वर्षी ठरलेलंच असतं, "सर, परत टाकू का?" हेही ठरलेलंच. परत नाही. परत फेक फक्त दुसऱ्या कोणामुळं अडथळा आला तरच.

अडकलेला ग्लायडर काढायला एक लांब बांबू आणून ठेवा, टोकाला मऊ फडकं गुंडाळून. फडकं विसरू नका, आम्ही विसरलो होतो आणि बांबूनं पंखाला भोक पाडलं. ते पोर चौथ्या फेरीला सेलोटेप लावून उभं राहिलं होतं.