बडोद्याहून धोरडोला पहिल्यांदाच गाडी नेताना

बडोद्याहून एका दिवसात कच्छच्या पांढऱ्या, मिठाच्या रणाकाठचं धोरडो गाव गाठायचा हट्ट धरू नकोस, रात्री भुजला थांब. टाकी तिथेच फुल कर. पुढे जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण वाटेत थांबण्यासारखं खूप आहे. भिरंडियाराला रणात जायच्या परवान्यासाठी ओळखपत्र हाताशी ठेव, आणि तिथला मावा खाल्ल्याशिवाय हलू नकोस. होडका गावात गोल भुंगे, म्हणजे तिथली मातीची पारंपरिक घरं, निवांत बघ. २००१च्या भूकंपात अशी बरीच घरं तगली. खावड्याकडून काळ्या डुंगरावरही जा, रणाचा पसारा खरा तिथूनच कळतो. गाडी मात्र मिठावर मुळीच घालू नकोस! वरून कोरडं दिसतं, खाली चिखल असतो, चाक रुततं. आईला नेतोयस ना? मग डिसेंबर-जानेवारीतली पौर्णिमा धर, आणि तिची शाल विसरू नकोस, रात्री फार गारठतं.