४०० डॉलरचा सप्रेसर आणि १,००० डॉलरचा सप्रेसर: वरचे ६०० कशाचे?

तुमचा प्रश्न असा: टेक्सासमध्ये राहता, ग्रीन कार्ड आहे, घरात एक .२२ (बारीक गोळीची) आणि एक .३०८ (जाड गोळीची) बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची, रायफल आहे. दोन्हींना मिळून एकच स्वस्तातला सप्रेसर, म्हणजे नळीच्या टोकाला लावून आवाज कमी करणारं नळकांडं, घेतला तर भागेल का?

नाही भागणार. .२२ चा सप्रेसर .३०८ वर चढवायचा विचारही करू नका. त्याचं भोकच लहान, गोळी आतून फाडत जाईल. उलटं करता येतं, पण .२२ ची गोळी म्हणजे उघडं शिसं. ते आतल्या पडद्यांवर, म्हणजे बॅफल्सवर, थराथराने चिकटत जातं. मोठ्या रायफलीचे सप्रेसर बहुतेक वेल्ड करून बंद केलेले असतात, ते उघडून साफ कसे करणार?

हे मला कसं कळलं ते सांगतो. माझा पहिला सप्रेसर .२२ चाच होता. सगळ्यात स्वस्त, ॲल्युमिनियमचा, आणि न उघडणारा. दोन वर्षांनी हातात जड लागायला लागला म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर आणला तेव्हाच्या दीडपट वजन! (बायकोने काटा परत घेतला नाही. शिसं लागलेला काटा कणकेला कोण वापरणार. बरोबरच होतं तिचं.) विकावा म्हटलं, तर ही काही जुनी सायकल नव्हे. प्रत्येक सप्रेसरची नोंद मालकाच्या नावावर एटीएफकडे, म्हणजे शस्त्रांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याकडे, असते आणि दुसऱ्याला देताना अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, सगळं पुन्हा. दुकानदारही सहसा परत घेत नाही. म्हणून इथे चुकीची खरेदी जन्मभर गळ्यात पडते.

जुने लोक तुम्हाला सांगतील, ‘घ्यायचा तर महागच घे.’ त्यामागे एक हिशोब होता. १९३४ च्या कायद्याने प्रत्येक सप्रेसरवर २०० डॉलर कर लावला आणि तो आकडा नव्वद वर्षं तसाच राहिला. अडीचशेच्या वस्तूवर दोनशे कर, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मग माणूस म्हणायचा, कर भरतोच आहे तर वस्तू तरी चांगली घेऊ. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्य झालाय. अर्ज आणि मंजुरी मात्र कायम आहे. त्यामुळे .२२ साठी वेगळा, साधा सप्रेसर घेणं आता खरंच परवडतं. तीन-चारशेत चांगला मिळतो. अट एकच, पूर्ण खोलता आला पाहिजे.

आता .३०८. महागड्या सप्रेसरमध्ये पैसे जातात ते मुख्यतः धातूत. स्टेलाइट, इन्कोनेल हे मिश्रधातू लाल होईपर्यंत तापले तरी टिकतात. पण ती गरज भराभर गोळ्या झाडणाऱ्यांची, आखूड नळीच्या एआर-१५ (आपोआप पुढची गोळी भरणारी रायफल) वाल्यांची. तुम्ही बोल्ट-ॲक्शनने रानडुकरावर दोन-तीन गोळ्या झाडणार. तुम्हाला टायटॅनियम पुरे, आणि खांद्यावर रायफल घेऊन चालताना नळीच्या टोकाचं वजन कमी असणं हे डेसिबलपेक्षा जास्त जाणवतं. डेसिबलवरून आठवलं: जाहिरातीतले आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. एक कंपनी नळीच्या तोंडाशी मोजते, दुसरी नेमबाजाच्या कानाशी. रायफल वेगळी, काडतूस वेगळं. .३०८ चा आवाज १६५ डेसिबलच्या पुढेमागे असतो, सप्रेसर त्यातले पंचवीस-तीस काढतो. १४० च्या वरचा एक धमाकाही कानाला इजा करू शकतो, म्हणजे जेमतेम खाली आलात. कानाला मफ लावाच. सिनेमातला ‘फुस्स’ आवाज विसरा. गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते तेव्हा तिचा स्वतःचा कडकडाट होतो, तो कुठलाच सप्रेसर थांबवत नाही.

जिथे मी एक पैसा वाचवणार नाही ती जागा म्हणजे नळीच्या टोकाचे आटे आणि माउंट, म्हणजे सप्रेसर नळीला जोडणारा भाग. सप्रेसर नळीच्या रेषेत केसभर तिरका बसला तरी गोळी बॅफलला घासते, आणि एका फटक्यात हजार डॉलर गेले. .३०८ ला साधारण ५/८-२४ चे आटे असतात, .२२ ला १/२-२८; तुमच्या नळीवरचे गनस्मिथकडून तपासून घ्या. अलाइनमेंट रॉड, म्हणजे सप्रेसर सरळ बसलाय का ते बघायला नळीतून घालायची सळई, पन्नासेक डॉलरला मिळतो, पहिली गोळी झाडण्याआधी तो घालून बघा.

आणि ऑनलाइन चाळीस डॉलरला ‘सॉल्व्हंट ट्रॅप’ किंवा ‘फ्युएल फिल्टर’ नावाने जे सप्रेसरसारखं नळकांडं विकतात, त्याला हातही लावू नका. नोंद नसलेला सप्रेसर बाळगणं हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा केंद्रीय गुन्हा आहे, आणि तुमचं तर ग्रीन कार्ड आहे, तेही धोक्यात येईल.

तुमच्या जागी मी असतो तर .२२ ला साडेतीनशेचा खोलता येणारा घेतला असता, .३०८ ला सात-आठशेचा, थेट आट्यांवर बसणारा टायटॅनियमचा. झटपट काढता-घालता येणाऱ्या माउंटचे जास्तीचे पैसे मी दिले होते. शेवटचा कधी काढला ते आठवत नाही.