‘खरेदीचं बटण आमचं, पैसे भरा’

वेबसाइटवर एका क्लिकची खरेदी ठेवली म्हणून परदेशी कंपनीचा पेटंटचा मेल आला, आता दुकान बंद करावं लागेल का? छोट्या विक्रेत्यांना सल्ला देताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटतो. सुभाषनगरच्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरी पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चपला शिवतात. मेलची चारदा घडी घातलेली प्रिंट पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, “मॅडम, दोन रात्री झोपलो न्हाई. पोलीस येत्यात काय?”

पेटंटचा भंग हा दिवाणी वाद, त्यात अटक नाही. एवढं ऐकल्यावर त्या पाणी प्यायल्या.

मेलचा सूर असा: ग्राहकाचा साठवलेला पत्ता वापरून एका क्लिकवर ऑर्डर घेणं ही आमची मालकी, पंधरा दिवसांत परवाना शुल्क भरा. पेटंटचा नंबर कुठेच नाही. मला संताप आला. चामड्याला आरीनं भोक पाडण्यावर कुणी हक्क सांगावा, तसंच हे.

असले ऐसपैस दावे जुनेच. अ‍ॅमेझॉनला एका क्लिकच्या खरेदीवर अमेरिकेत १९९९ साली पेटंट मिळालं आणि महिन्याभरात त्यांनी बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं. ऐन नाताळच्या हंगामात मनाई हुकूम मिळाला. पेटंटच्या वैधतेवरच शंका घेऊन वरच्या कोर्टानं तो उठवला, पण २००१ मध्ये. पेटंटची मुदत २०१७ साली संपली. ऑनलाइन कार्टवरचे दुसऱ्या एका कंपनीचे दावे २०१३ मध्ये न्यूएग या अमेरिकन ऑनलाइन दुकानानं लढून रद्द करून घेतले. न्यूएगकडे वकिलांना द्यायला पैसे होते, ताईंकडे कुठले?

पण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) व्यवसायाची पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट देत नाही. निराधार धमकी आली तर कलम १०६ खाली आपणच कोर्टात जाऊ शकतो. आम्ही चार ओळींचं उत्तर लिहिलं: पेटंटचा नंबर काय, कुठल्या देशाचं, त्यातला कुठला दावा, आमच्या कुठल्या पानाला लागतो? माफी नाही, कबुली नाही. साइट बनवून देणाऱ्याकडून कराराची प्रतही मागवली.

न्यू जर्सीला जाणाऱ्या जोडांचं मात्र वेगळं. तिथल्या विक्रीला तिथलं पेटंट लागू शकतं. म्हणून नंबर कळेपर्यंत त्या ऑर्डरी साइटवर नकोत, फोनवर घ्या, असं सुचवलं.

“घेतो की,” ताई म्हणाल्या. “तसंबी पायाचं माप मी फोनवरच इचारतो.”