केव्ह स्टोरी भाच्याला द्यावा का? द्या, पण आधी हे वाचा

भाचा सहावीत, मराठी माध्यमात. घरचा लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड नाही. गेमवर पैसे घालायचे नाहीत आणि नुसती धाडधाड मारामारीही नको. केव्ह स्टोरी या कॉम्प्युटर गेमचं सगळे इतकं कौतुक करतात ते कितपत खरं आणि त्यात खोट काय, असं तुम्ही विचारलंत. मी तो पहिल्यांदा २००७ साली गिरगावात, आमच्या चाळीतल्या खोलीत खेळलो आणि नंतर आणखी चार वेळा पूर्ण केला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लॅपटॉपची काळजी सोडा. मूळ गेम इतका लहान आहे की आज मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा त्याहून जास्त जागा खातो. डाइसुके अमाया या एकाच जपानी माणसाने तो फावल्या वेळात, जवळजवळ पाच वर्षं खपून बनवला आणि डिसेंबर २००४ मध्ये इंटरनेटवर फुकट ठेवला. गोष्ट, चित्रं, प्रोग्रॅमिंग, संगीत सगळं त्याचंच. संगीत रचायला लागणारं सॉफ्टवेअरसुद्धा त्याने स्वतः लिहिलं. हे सांगायचं कारण असं की गेममध्ये जे उत्तम आहे आणि जे खटकतं, त्या दोन्हींवर एकट्या माणसाचा हात स्पष्ट दिसतो.

स्मृती हरवलेला एक रोबो हवेत तरंगणाऱ्या बेटावरच्या गुहेत जागा होतो. बेटावर मिमिगा नावाचे सशासारखे जीव राहतात आणि एक डॉक्टर त्यांना गुलाम करायच्या मागे लागलेला आहे. सुरुवात एवढीच. आपण कोण, इथे का आलो, हे गेम लगेच सांगत नाही. ते वाटेत भेटणाऱ्यांच्या बोलण्यातून हळूहळू उलगडतं.

त्याची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे हत्यारं. शत्रू मेला की पिवळे त्रिकोण उडतात. ते गोळा केले की हातात जे हत्यार असेल तेच वाढतं, तिसऱ्या पातळीपर्यंत. तुम्हाला मार बसला की त्याच हत्याराची ताकद घटते. ऐकायला साधं आहे, पण खेळताना याने फार फरक पडतो. बॉसशी, म्हणजे टप्प्यावरच्या मोठ्या शत्रूशी, लढत रंगात आलेली असते, तिसऱ्या पातळीची पोलर स्टार (सुरुवातीला मिळणारी बंदूक) जाड गोळे फेकत असते आणि एक ठोसा लागताच ती दुसऱ्या पातळीवर घसरते. मग दुबळं हत्यार पुढे करून मार झेलायचा आणि चांगलं हत्यार नेमक्या क्षणासाठी राखून ठेवायचं, हे डोकं पोरं आपोआप लढवायला लागतात. मशीनगन तिसऱ्या पातळीला नेऊन खाली गोळ्या झाडल्या की रोबो त्या जोरावर वर उडतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उडी मारताना चुकून खालचं बटण दाबलं गेलं आणि मी छताला टेकलो! तो आनंद मला अजून आठवतो.

दुसरी ताकद म्हणजे गोष्टीचं मन. मिमिगांना लाल फुलं खायला घातली की ते पिसाळतात. गावात जिच्याशी आपण गप्पा मारल्या तिच्यावर हीच वेळ येते आणि लढावं आपल्यालाच लागतं. त्या रात्री मी कॉम्प्युटर बंद करून बराच वेळ गॅलरीत उभा होतो. रक्तपात दाखवलेला नाही, चौकटी-चौकटींची छोटी चित्रं आहेत. पण मरण आहे आणि ते लागतं. भाचा हळवा असेल तर त्या टप्प्यावर त्याच्याजवळ बसा. पुढे बेटाच्या बाहेरच्या भिंतीवर चढायचा एक भाग येतो. मागे चंद्र, ढग आणि ते एकच शांत गाणं. तेवढा भाग मी अजूनही अधूनमधून नुसता चढायला म्हणून उघडतो.

आता खोट. मधल्या भागात हेलपाटे फार आहेत. वाळवंटात एका म्हातारीची पाच कुत्र्याची पिल्लं शोधून द्यायची असतात आणि उचलता येतं एका वेळी एकच. पहिली दोन मजेत होतात, पाचव्याला जीव कंटाळतो. बॉसच्या आधीचे संवाद वगळता येत नाहीत, बटण दाबून अक्षरं तेवढी पळवता येतात. दहाव्यांदा हरल्यावर तेच बोलणं पुन्हा वाचायला लागलं की डोकं फिरतं. सेव्ह ठरावीक ठिकाणीच होतं, त्यामुळे जेवायला हाक आली की घरात वाद ठरलेला. आमच्याकडे तर रोज व्हायचा.

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. गेमला तीन शेवट आहेत आणि सगळ्यात चांगल्या शेवटाची वाट जवळजवळ अन्यायाने लपवलेली आहे. (पुढचं भाच्याला वाचून दाखवू नका.) चक्रव्यूहात एके ठिकाणी ओळखीचा माणूस वरून खड्ड्यात पडतो. कोणीही भला माणूस आधी त्याच्याकडे धावेल. तुम्ही धावलात की तो तुम्हाला एक कामाची वस्तू देतो आणि तिथेच चांगला शेवट कायमचा हातचा जातो. बरोबर काय, तर त्याच्याकडे न जाता खड्ड्यावरून उडी मारून पुढे निघायचं. कुठेही इशारा नाही, कारण नाही. चांगुलपणाची शिक्षा मिळते आणि ती मिळाली हेही खेळणाऱ्याला कळत नाही. मी दोनदा पूर्ण खेळलो तेव्हा कुठे एका मित्राकडून समजलं. पोलर स्टार देऊन मशीनगन घ्यायचा सौदाही असाच. घेतली की पुढे पोलर स्टारचं मिळणारं सर्वात भारी रूप गेलं. तो मात्र मला मान्य आहे, कारण तिथे तुम्हाला विचारून निवड करायला लावतात. शिवाय चांगल्या शेवटाआधीचा गुप्त भाग इतका कठीण आहे की सहावीतल्या मुलाकडून तो होईल असं धरून चालू नका. साधा शेवटही पुरेसा गोड आहे.

भाषेचं म्हणाल तर गेम मुळात जपानी, चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर मिळतं. वाक्यं छोटी आहेत. तुम्ही शेजारी बसून अर्थ सांगितलात तर त्याचं इंग्रजीही सुधारेल. माझ्या धाकट्या भावाचं तसंच झालं.

एक व्यवहाराची गोष्ट. बाण, उडीसाठी झेड आणि गोळीसाठी एक्स अशी बटणं एकदम दाबावी लागतात आणि काही स्वस्त कीबोर्ड तीन-चार बटणं एकत्र घेत नाहीत. मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पहिला कीबोर्ड असाच निघाला. वर आणि डावीकडे बघत उडी मारली की गोळीच सुटायची नाही. महिनाभर मी स्वतःलाच दोष देत होतो. तुमच्या लॅपटॉपवर हे आधी तपासा. अडलं तर गेमबरोबर येणाऱ्या सेटिंगच्या छोट्या प्रोग्रॅममधून बटणं बदला किंवा साधा गेमपॅड लावा.

केव्ह स्टोरी प्लस नावाची विकतची आवृत्ती स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर २०११ पासून आहे, पुढे निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावरही आली. चित्रं नवी, थोडी भर आहे, गोष्ट तीच. तुमच्या कामाला फुकटची पुरे. फक्त ‘प्लस फुकट’ म्हणून कुठे दिसलं तर तिकडे जाऊ नका, ती बहुधा चोरीची प्रत असते आणि सोबत व्हायरसही येऊ शकतो.

पहिला खेळ त्याला कोणीही वाट न सांगता खेळू द्या, चुकू द्या, खड्ड्यातल्या माणसाकडेही धावू द्या. पूर्ण झाला की इथे कळवा. दुसऱ्या खेळासाठी कुठे काय सोडायचं आणि काय घ्यायचं, ते मी क्रमाने लिहून देतो.